मोटारहोमच्या छताचे सांधे आम्ही स्वतः पुन्हा बुजवले, त्याची हकिगत

९ मार्चच्या सकाळी मोटारहोममधल्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या आमच्या गाडीतल्या, पलंगावरची चादर बदलताना सहज वर नजर गेली आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा तपकिरी डाग दिसला. बोटाने दाबलं तर छताचा आतला पातळ प्लायवूड किंचित आत गेला आणि बोट काढल्यावर सावकाश परत आला. त्याच कोपऱ्यातल्या कपाटातून आठवडाभर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येत होता. तो कपड्यांचा असेल म्हणून मी कपडे दोनदा उन्हात घातले होते. डाग दिसल्यावर वासाचा उलगडा झाला आणि पोटात गोळाच आला.

गाडी अकरा वर्षांची. आम्ही ती दोन वर्षांपूर्वी जुनी घेतली. इंजिन, टायर, बॅटरी, सगळं तपासून घेतलं होतं, पण छतावर चढून कोणीच पाहिलं नव्हतं. मोटारहोमचं छत म्हणजे एक अखंड पत्रा असतो अशी माझी समजूत होती. खरं तर त्यात जागोजाग भोकं पाडलेली असतात: हवा खेळण्याचे व्हेंट, स्कायलाइट (उजेडासाठीची छतातली पारदर्शक खिडकी), एसी, फ्रिजची आणि सांडपाण्याच्या टाकीची हवा बाहेर जाण्याच्या नळ्या, अँटेना, सोलर पॅनेलचे पाय, त्याची वायर आत शिरते ती जागा. शिवाय पुढचा आणि मागचा गोलाकार भाग छताला जिथे मिळतो ते दोन लांब सांधे, आणि दोन्ही बाजूंच्या कडांच्या पट्ट्या. या प्रत्येक ठिकाणी पाण्याला अडवून धरतं ते फक्त सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा चिकट लगदा. उन्हाने ते कडक होतं. गाडी चालताना सगळी पेटी पिळवटते, आणि लाकूड, प्लास्टिक, अ‍ॅल्युमिनियम गरमीने वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. त्या ताणाने कडक सीलंटला चीर पडते. चीर केसाएवढी असली तरी पाण्याला तेवढी पुरते.

पहिल्याच दिवशी आम्ही छतावर ताडपत्री टाकली. ती छताला घासू नये म्हणून कडांखाली जुने टॉवेल ठेवले आणि बाजू मोकळ्या सोडल्या, म्हणजे आतली ओल कोंडणार नाही.

मग कागदपत्रं. गाडीच्या पुस्तिकेत पाणी शिरण्याविरुद्धची वेगळी हमी होती आणि मुदत संपायला चार महिने शिल्लक होते. १२ मार्चला चासी नंबर, खरेदीची पावती, सहा फोटो आणि सर्व्हिस बुकची प्रत पाठवली. १३ मार्चला विम्याचा दावाही भरला. विमा कंपनीचं उत्तर २४ मार्चला आलं: फांदी पडून किंवा अपघाताने छत फाटलं असतं तर दावा बसला असता, हळूहळू झिरपलेलं पाणी झीज आणि देखभालीत मोडतं, ते पॉलिसीत येत नाही. हमीचं उत्तर २७ मार्चला आलं. हमी टिकण्यासाठी दरवर्षी अधिकृत ठिकाणी ओल तपासून शिक्का घ्यायचा असतो. आमच्या पुस्तिकेत आधीच्या मालकाच्या काळातली दोन पानं कोरी होती, त्यामुळे हमी रद्द.

दोन्ही पत्रं वाचून मी फार खचले. पण नीट पाहिलं तर दोन्ही अटी आमच्याच कागदांत छापलेल्या होत्या. जुनी गाडी घेताना ही शिक्क्यांची पानं आधी उघडून पाहा, एवढं मी प्रत्येकाला सांगेन. आणि हमी चालू असेल तर तपासणी वर्षपूर्तीच्या आसपास किती दिवसांत व्हायला हवी तेही वाचून ठेवा, कारण उशिराचा शिक्का धरला जाईलच असं नाही.

वर्कशॉपमध्ये सगळ्यात लवकरची तारीख १९ मेची मिळाली, आणि फोटो पाहून दिलेलं अंदाजपत्रक आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. तोवर थांबलं तर लाकूड कुजणार. बोटींच्या दुरुस्तीत आयुष्य घालवलेले एक काका आमच्या ओळखीचे आहेत. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, सांधे तू करू शकशील. पण पाणी कुठून येतंय हे कळल्याशिवाय सीलंटच्या नळीला हात लावू नकोस. आणि कोरडं झाल्याशिवाय काही बंद करू नकोस." पुढचे तीन महिने मी या दोन वाक्यांवर काढले.

४ एप्रिलला ओल तपासणारा तंत्रज्ञ आला. मीटरच्या दोन टोकदार सुया आतल्या भिंतीला आणि छताला टेकवत तो फूट-फूट अंतरावर आकडे सांगत गेला आणि मी गाडीच्या नकाशावर लिहीत गेले. साधारण १५ टक्क्यांपर्यंत काळजी नाही, १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवा, २० च्या वर कारण शोधा आणि ३० च्या पुढे लाकूड खराब व्हायला लागलेलं असू शकतं, असा त्याचा ढोबळ हिशेब. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी ११ ते १३ आले. डागाच्या कोपऱ्यात २८. पण मला हलवून गेली ती त्या कोपऱ्यापासून पुढच्या बाजूला निघालेली आकड्यांची रांग: २४, २१, १९, १९, १८. नकाशावर पेन्सिलने जोडली तर सरळ रेघ झाली. पाणी छतातल्या लाकडी पट्टीच्या कडेने वाहत मागे आलं होतं. आमच्या उभं करायच्या जागेला मागे उतार आहे, म्हणून ते पलंगावर येऊन थांबलं.

मग त्याने एका व्हेंटमध्ये पंखा बसवला, बाकीची तोंडं टेपने बंद केली आणि आत हलका हवेचा दाब तयार केला. आम्ही बाहेरून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी फवारलं. हवा निसटते तिथे बुडबुडे येतात. डागाच्या डोक्यावर, जिथे मी सगळा दोष धरून बसले होते, तिथे एकही बुडबुडा नाही. दीड मीटर पुढे, सोलर पॅनेलची वायर आत जाते त्या छोट्या डबीच्या कडेला मात्र बारीक पांढरी माळ फुलून आली आणि फुगतच राहिली. दुसरी माळ पुढच्या सांध्यावर, जवळजवळ हातभर लांब. स्कायलाइटच्या एका कोपऱ्यातही थोडे. डागाच्याच वर सीलंट फासून मोकळी झाले असते तर पाणी तसंच येत राहिलं असतं. ही तपासणी आम्ही केलेल्या खर्चातला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च. तशी सोय नसेल तर पाइपने हळू पाणी सोडून पाहता येतं: खालून सुरुवात करून एकेका जागेवर दहा-दहा मिनिटं, आणि एक माणूस आत टॉर्च घेऊन. जोरदार दाबाचं पाणी मात्र सांध्यांवर कधीच मारू नका, धड सांधाही उचकटतो.

पुढचा प्रश्न, छत कशाचं आहे? सीलंट आणि सफाईचं द्रव दोन्ही त्यावर ठरतं. फायबरग्लास, अ‍ॅल्युमिनियम, टीपीओ (एक प्रकारचं लवचीक प्लास्टिक) आणि ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) हे नेहमीचे प्रकार. आमच्या छतावर हात फिरवला की तळव्याला खडूसारखी पांढरी पूड लागायची. आतून व्हेंटची चौकट काढली तेव्हा कापलेली कड दिसली, वरून पांढरी आणि खालून काळी. म्हणजे ईपीडीएम. या रबराला पेट्रोलजन्य द्रव चालत नाही, ते फुगतं. संत्र्या-लिंबाच्या अर्काचे क्लीनरही चालत नाहीत. स्कायलाइटच्या अ‍ॅक्रिलिकला तर थिनर किंवा अ‍ॅसिटोन लागला की बारीक तडे जातात, त्यामुळे त्याला फक्त सौम्य साबणाचं पाणी.

छतावर चढण्याबद्दल थोडं सांगते, कारण मला सगळ्यात जास्त भीती त्याची होती. शिडी वर बांधून घेतली. एकटीने कधी चढले नाही, नवरा खाली असायचा. छतावर प्लायवूडचे दोन मोठे तुकडे टाकले आणि गुडघ्यांवरच हालचाल केली, म्हणजे वजन पसरतं. दव पूर्ण वाळल्याशिवाय वर पाय ठेवला नाही, ओलं रबर शेवाळासारखं निसरडं होतं. कडेपासून हातभर आतच राहायचं आणि कडेचं काम शिडीवरून करायचं, हा नियम आम्ही एकदाही मोडला नाही.

५ एप्रिलला वायरची डबी उघडली. त्याआधी सोलर पॅनेल झाकून त्याची जोडणी सोडवली होती. डबीभोवती कोणीतरी पारदर्शक सिलिकॉनचा जाड थर दिला होता. वरून तो धडधाकट दिसत होता. नखाने कड उचलली तर सगळा थर एका अखंड चकतीसारखा हातात आला. रबराला तो चिकटलेलाच नव्हता. खाली चार स्क्रू. दोन निघाले, दोन जागच्या जागी फिरत राहिले. त्यातला एक ओढून काढला तर डोकं शाबूत आणि खालचा दांडा गंजून सुईएवढा बारीक, भोवती काळपट लाकडाचा भुगा. तो स्क्रू मी एका काचेच्या बाटलीत ठेवला आहे. पेचकसाचं टोक लाकडात खुपसून पाहिलं. पेराएवढ्या भागात ते रुतलं, पुढे लागलं ते टणक लाकूड. त्या क्षणी जो सुटकेचा श्वास टाकला तो अजून आठवतो.

आणि मग वाट पाहायची. कपाटाच्या आत, कोणाला दिसणार नाही अशा जागी छताच्या प्लायवूडमध्ये वीतभर चौकोन कापला, तिथे पंखा लावला आणि गाडीत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारं यंत्र, ठेवला. उघड्या भोकांवर दिवसा जाळी, रात्री झाकण आणि ताडपत्री. पहिल्या आठवड्यात कोपरा २८ वरून २५ वर आला. नंतर चार दिवस आकडा हललाच नाही आणि आम्ही दोघं फार चिडचिडे झालो. २८ एप्रिलला तिथे १५ आले, रांगेतले बाकीचे १३. म्हणजे चोवीस दिवस गेले. सुट्टी संपत आलेली, प्रवास ठरलेला, अशा वेळी हे दिवस खूप जड जातात हे मला माहीत आहे. पण ओलं लाकूड वरून बंद केलं तर ते आतल्या आत कुजतं. इथे घाई करू नका.

२९ एप्रिल ते १ मे सिलिकॉन काढण्यात गेले. डबीभोवतीचं सहज निघालं होतं, स्कायलाइटभोवतीचं निघेना. सिलिकॉनवर दुसरं काहीच चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही, म्हणून त्याचा लवलेश राहून चालत नाही. धातूचं पातं रबर कापतं, त्यामुळे प्लास्टिकची पाती वापरली. गरम हवा सोडणाऱ्या हीट गनने अगदी मंद ऊब द्यायची, पातं जवळजवळ आडवं धरायचं, सरकवायचं, थांबायचं. पातं बोथट झालं की बदलायचं. अशी तेवीस पाती लागली. शेवटी पारदर्शक पापुद्रा राहतो, तो डोळ्यांना दिसत नाही. पाण्याचे थेंब टाकले की कळतो: स्वच्छ जागी पाणी पसरतं, सिलिकॉन असेल तिथे मणी होऊन बसतं. एका स्कायलाइटला अडीच दिवस लागले. एकूण कामातले तीन हिस्से सफाई आणि एक हिस्सा सीलंट, असं आमचं प्रमाण पडलं.

जिथे मुळातलं सीलंट घट्ट होतं आणि वरवर मळलं होतं तिथे ते उपटलं नाही. छतावरच्या कडांवरून आणि स्क्रूंवरून द्यायचं लॅप सीलंट साफ केलेल्या जुन्या थरावर नीट बसतं. चिरलेलं, कड सुटलेलं आणि सिलिकॉन, एवढंच काढलं.

३ मेला काम धरायचं होतं, पाऊस आला. ७ मेला उघडीप मिळाली. आधी साबणाचं पाणी, मग स्वच्छ पाणी, वाळू दिलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. दर पुसण्याला फडकं नवं, नाहीतर मळ एका जागेवरून दुसरीकडे जातो. स्क्रूची निकामी भोकं इपॉक्सीत बुडवलेल्या लाकडी काड्यांनी भरून आदल्याच दिवशी वाळवली होती. नव्या डबीखाली बटिल टेप लावली. ही टेप कधीच कडक होत नाही, च्युइंगमसारखी मऊ राहते आणि स्क्रू आवळले की सगळ्या बाजूंनी दबून बाहेर येते. पाणी खरं तीच अडवते, वरचं सीलंट तिला ऊन-पावसापासून जपतं. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घेतले आणि समोरासमोरचे थोडे-थोडे आवळत गेले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा अर्धा-अर्धा फेरा आवळले गेले, कारण रात्रभरात बटिल दबलं होतं. ही दुसरी फेरी विसरू नका. बाहेर आलेलं बटिल प्लास्टिकच्या पात्याने कापलं.

मग लॅप सीलंट. आम्ही डायकॉर कंपनीचं, स्वतः पसरून सपाट होणारं घेतलं. नळीचं तोंड तिरकं कापायचं, कडेच्या आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून जाड धार सोडायची, आणि मग हात काढून घ्यायचा. बोटाने सारवण्याचा मोह होतो, पण ते मधासारखं आपलं आपण पसरतं आणि फटी भरतं. दहा मिनिटांनी डबीभोवती गुळगुळीत पांढरी वाटी तयार झाली. मी तिच्याकडे कितीतरी वेळ पाहत बसले होते.

पुढच्या बाजूला चूक झाली. तिथे छत खाली वळतं, आणि मी तेच सीलंट वापरलं. पाच मिनिटांत ते ओघळून काचेच्या दिशेने निघालं. ओलं असतानाच पुसून काढलं म्हणून निभावलं. काकांना फोन केला तर म्हणाले, "उतारावर ते थांबणार कसं? न ओघळणारं वेगळं मिळतं, ते आण." उतारावर आणि उभ्या कडांवर तेच लागतं. त्यासाठी आणखी एक दिवस गेला.

पुढच्या सांध्यावर, जिथे हातभर बुडबुडे आले होते, ९ मेला इटर्नाबाँडची चार इंची टेपही बसवली. ती एकदा टेकली की टेकली, परत उचलता येत नाही. म्हणून आधी पेन्सिलने रेघ मारली, मागचा कागद वीतभरच सोलला, नवऱ्याने टोक धरलं आणि मी रोलरने मधून कडेकडे दाबत पुढे सरकले. रोलरचा दाब हवाच, त्यावरच तिची पकड असते.

एसीच्या बाबतीत वेगळं आहे. तो जाड फोमच्या गास्केटवर बसतो आणि आतून चार लांब बोल्टांनी खाली ओढलेला असतो. वर्षांनुवर्षांच्या हादऱ्यांनी आमचे दोन बोल्ट ढिले झाले होते. आतलं झाकण काढून चारही आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळले, गास्केट अर्ध्या जाडीपर्यंत दबेल इतकेच. एसीभोवती बाहेरून सीलंट लावायचं नसतं. त्याच्या तळाशी येणाऱ्या पाण्याला छतावरून वाहून जायला वाट हवी, ती बंद केली तर पाणी आत वळतं. खिडक्यांच्या खालच्या चौकटीतली बारीक भोकंही तशीच पाणी बाहेर जाण्यासाठी असतात, ती बुजवू नका.

सीलंटवर रात्रीतून साय धरली, पण आतपर्यंत पक्कं व्हायला तीस दिवसांपर्यंत लागतात. तेवढे दिवस गाडी हलवली नाही. १० जूनला तोच तंत्रज्ञ परत आला. पंखा, साबणाचं पाणी, सगळं पुन्हा. मी डबीजवळ शिडीवर उभी होते आणि साबणाचा फेस नुसता खाली ओघळून गेला, एकही माळ फुलली नाही. आत कोपऱ्यात १३. चार दिवसांनी सहीचा अहवाल आला, तो आणि आधीचा नकाशा दोन्ही सर्व्हिस बुकमध्ये लावले आहेत. हमी काही परत मिळणार नाही, पण पुढे विम्याचा प्रश्न आला किंवा गाडी विकायची झाली तर देखभालीचा कागद हाताशी असेल.

एकूण लागलं ते असं: लॅप सीलंटच्या नऊ नळ्या, न ओघळणाऱ्या तीन, बटिल टेपची दोन बंडलं, एक टेपचा रोल, स्क्रू, पाती, अल्कोहोल, फडकी. दोन तपासण्या धरूनही वर्कशॉपच्या अंदाजपत्रकाच्या सहाव्या हिश्श्याच्या आत भागलं. वेळ मात्र डाग दिसल्यापासून तीन महिने, त्यातला हाताने काम केलेला वेळ जेमतेम नऊ दिवस.

आता वर्षातून दोनदा वर चढायचं ठरवलं आहे, पुढची तारीख २० सप्टेंबर. प्रत्येक सांध्याचा एकाच जागेवरून फोटो काढायचा आणि सगळ्या कडांवरून बोट फिरवायचं, कारण उचललेली कड डोळ्यांआधी बोटाला कळते. मोठा पाऊस झाला की आतून मीटर लावायचा.

२२ जूनच्या रात्री पहिला मोठा पाऊस झाला. आम्ही मुद्दाम गाडीतच झोपलो. झोप कसली, दर तासाला टॉर्च वर जायचा. पहाटे मीटर टेकवला तर १३. डागावर अजून रंग दिलेला नाही. त्याच्या कडेने पेन्सिलने रेघ आखून शेजारी तारीख लिहिली आहे, आणि २० सप्टेंबरपर्यंत तो तसाच राहणार आहे.